हलू नकोस, बाळ!

श्रोतेहो, घरात मूल जन्मास आले की त्याच्या पाठोपाठ काही गोष्टी ओघानेच येतात. पाळणा येतो, वाळे येतात, काजळाची डबी येते, आणि बारसे होऊन महिना लोटला नाही तोच कोणीतरी वडीलधारे माणूस म्हणते, "याचा एकदा चांगला फोटो काढून घ्या बरे! हे दिवस पुन्हा यावयाचे नाहीत." हे म्हणणे अगदी खरे आहे. हल्ली प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये कॅमेरा असतो आणि घरोघरी मुलांची चित्रे शेकड्यांनी निघतात. तरीही पहिला वाढदिवस, बोरन्हाण, जावळ, शाळेचा पहिला दिवस अशा निमित्ताने धंदेवाईक छायाचित्रकाराकडे जाण्याची चाल मोडलेली नाही. आणि ती मोडू नये असेच मला वाटते. जाणत्या हाताने, योग्य उजेडात घेतलेले आणि चांगल्या कागदावर उतरविलेले एक चित्र फोनमधील पाचशे चित्रांहून अधिक काळ घरात नांदते.

परंतु या कामासाठी आपण मुलाला नेतो तेव्हा तेथे काय घडते? नव्या झबल्याची जर टोचत असते. झोपेची वेळ टळलेली असते. समोर अनोळखी माणूस, डोळ्यांवर झगझगीत दिवा. आई म्हणते, "हलू नकोस हं, बाळ!" बाबा म्हणतात, "इकडे बघ, इकडे!" आत्या खुळखुळा वाजविते, आजोबा टाळ्या वाजवितात. चार दिशांनी चार हाका येतात आणि "इकडे" म्हणजे नेमके कोणीकडे हे त्या जिवास कळेनासे होते. शेवटी ते भोकाड पसरते, आणि मंडळी हिरमुसून म्हणतात, "मूल भारी हट्टी बाई!"

आज मला त्या मुलाची बाजू मांडावयाची आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, "हलू नकोस" ही आज्ञा मुळात आईबापांची नव्हे; ती यंत्राची होती. यंत्राने ती केव्हाच मागे घेतली आहे. आपण मात्र ती अजून चालवीत आहो.

१८३९ साली पॅरिस येथे दागेर याची छायाचित्रणाची रीत जगापुढे जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर हे चित्र उमटत असे, आणि आरंभी त्यासाठी भर उन्हातही काही मिनिटे लागत. तेवढा वेळ निश्चल बसणे मोठ्यांनाही जड जाई. म्हणून खुर्चीमागे लोखंडी आधार उभा करून त्याच्या चिमट्यात डोके टेकवून ठेवीत. पुढे १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या काचेची रीत काढली आणि हा अवधी चांगल्या उजेडात काही सेकंदांवर आला. परंतु वर्षाच्या मुलाला दहा सेकंद म्हणजे काय, हे ज्याने त्याला अंगडे घालण्याचा प्रयत्न केला आहे त्यालाच विचारावे.

यावर त्या काळच्या छायाचित्रकारांनी एक युक्ती योजिली. आईने खुर्चीवर बसावयाचे, तिच्या डोक्यावरून पायांपर्यंत एखादा गालिचा किंवा पडद्याचे कापड टाकावयाचे, आणि त्या कापडावर मुलाला बसवावयाचे. आतून आईचे हात मुलाला घट्ट धरून असत. बाहेरून पाहणाऱ्यास मूल जणू एका झाकलेल्या खुर्चीवर एकटेच बसले आहे असे दिसावे, अशी कल्पना. पुष्कळदा ही लपवालपव साधत नसे. कापडाखाली डोक्याचा गोल स्पष्ट दिसे, किंवा मुलाच्या कमरेशी मधूनच एक हात उगवलेला असे. मग चौकट लावताना तो भाग कागदाखाली झाकीत, नाहीतर आईचा चेहरा चित्रावरून चक्क खरवडून टाकीत. अशा चित्रांना आता "लपलेल्या आईची चित्रे" म्हणतात. लिंडा फ्रेग्नी नागलर या कलावतीने अशी जवळजवळ एक हजार चित्रे गोळा केली आणि २०१३ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात ती मांडली. ती पाहताना प्रथम हसू येते. थोड्या वेळाने ते हसू ओसरते. मुलाचे धैर्य ज्या मांडीवर टिकले, तिचीच मालकीण चित्रातून पुसली गेली आहे, हे ध्यानात येते.

याच काळातील एक गोष्ट मोठी मनोरंजक आहे. ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन ही बाई १८१५ साली कलकत्त्यास जन्मली. १८६३ च्या अखेरीस, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तिच्या मुलीने व जावयाने तिला कॅमेरा भेट दिला. आणि पुढे ती त्या शतकातील नामांकित छायाचित्रकार झाली. आरंभी तिने दोन मुलांचे चित्र घेण्यास घेतले. निम्मा वेळ सरला आणि त्यांतील एकाला खुदकन हसू फुटले. झाले, काच फुकट गेली! तेव्हा तिने एकट्याच मुलीला समोर बसविले आणि दरडावले नाही. तू हललीस तर माझी एवढी औषधे आणि एवढे श्रम वाया जातील गं, अशी तिची विनवणी केली. पोर समंजस, आठ-नऊ वर्षांची, ती बसली. २९ जानेवारी १८६४ रोजी दुपारी घेतलेले ते चित्र त्याच दिवशी रात्री आठच्या आत छापून, चौकटीत बसवून कॅमेरॉनबाईने देऊनही टाकले. तिला ती आपले पहिले यश म्हणत असे. त्या चित्रातील मुलगी हसत नाही, कॅमेऱ्याकडे पाहतही नाही. जाड कोटाची बटणे लावून ती आपल्याच विचारात बसलेली आहे. दीडशेहून अधिक वर्षे लोटली तरी ते चित्र जिवंत वाटते, कारण त्यात मुलीला वाकविलेले नाही, तिला कामात सामील करून घेतलेले आहे.

आपल्याकडेही ही विद्या लवकर आली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पिढीतील नावाजलेले छायाचित्रकार. तथापि स्टुडिओ हे बहुधा पुरुषांचे स्थान होते, आणि पडदानशीन घरांतील बायकामुलांनी तेथे जावे कसे हा प्रश्नच होता. राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेस खास जनान्यासाठी निराळा स्टुडिओ उघडला आणि त्याची व्यवस्था एका इंग्रज बाईंकडे सोपविली. चांगल्या चित्राकरिता चांगले यंत्र पुरत नाही, बसणाऱ्याच्या मनाची निर्भयता लागते, हे त्या चतुर गृहस्थांनी ओळखले होते.

यंत्र मात्र भराभर सुधारत गेले. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स याने कोरड्या काचेची रीत सुचविली. पुढील दहा-पंधरा वर्षांत सेकंदाच्या अंशात चित्र घेता येऊ लागले. १९०० साली ईस्टमनच्या कोडॅक कंपनीने एक डॉलर किमतीचा "ब्राउनी" कॅमेरा बाजारात आणला आणि तो मुलांच्याच हाती देण्याजोगा म्हणून त्याची जाहिरात केली. आज स्टुडिओतील कॅमेरा सेकंदाच्या दोनशेव्या भागात चित्र टिपतो. रांगणारे, उड्या मारणारे, मान झटकणारे मूल तो सहज पकडतो. तेव्हा मुलाने पुतळ्यासारखे बसावे ही गरज आता कोणाची? यंत्राची खास नाही. ती आपल्या हौसेची आहे. शेजारच्या घरातील चित्रासारखे चित्र आपल्याही भिंतीवर हवे, एवढीच तिच्यामागील प्रेरणा.

या बाबतीत सरकारी कचेऱ्यासुद्धा आपल्याहून उदार निघाव्यात ही गंमत आहे. ब्रिटनच्या पासपोर्टच्या नियमांत असे स्पष्ट म्हटले आहे की, सहा वर्षांखालील मुलाने थेट कॅमेऱ्याकडे पाहिलेच पाहिजे असे नाही, आणि वर्षाच्या आतील बालकाचे डोळे उघडे नसले तरी चालेल. डोके हाताने सावरण्यासही मोकळीक आहे. हात तेवढा चित्रात दिसू नये. म्हणजे लपलेली आई येथे अजून आहेच! परंतु जी सवलत परदेशातील अंमलदार तान्ह्या बाळाला देतो, ती त्याचे आजीआजोबा देत नाहीत.

आता हसण्याकडे वळू. "हस ना राजा" असे म्हटल्याबरोबर तीन-चार वर्षांचे मूल दात दाखविते, तेवढेच दाखविते. द्युशेन नावाच्या फ्रेंच वैद्याने १८६२ साली चेहऱ्याच्या स्नायूंवर ग्रंथ लिहिला. त्याने दाखवून दिले की, ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू आपल्या इच्छेने हलतो, परंतु खऱ्या आनंदाने डोळ्यांभोवतीचा जो स्नायू आकसतो, तो हुकूम सहसा मानीत नाही. म्हणून मागवून घेतलेल्या हसण्यात तोंड हसते आणि डोळे कोरडे राहतात. मुलाला हसावयास सांगू नये. त्याला हसू येईल असे काहीतरी करावे, आणि तेही न साधल्यास त्याचा गंभीर चेहरा आनंदाने स्वीकारावा. किंबहुना रडणाऱ्या मुलाचे चित्रही टाकाऊ नसते. १८७२ साली डार्विनने भावदर्शनावरील आपल्या ग्रंथात रेलांडर या छायाचित्रकाराची रडणाऱ्या बालकांची चित्रे छापली, आणि त्यांतील एका आक्रोश करणाऱ्या बाळाच्या चित्राच्या हजारो प्रती लोकांनी विकत घेतल्या. मूल वीस वर्षांचे होईल तेव्हा त्याचे शहाण्यासारखे बसलेले चित्र घरातील माणसे पुढे सारतील, आणि नाक लाल करून रडणाऱ्या चित्रापाशी थबकून हसतील, याची मी खात्री देतो.

इतके मान्य केले म्हणजे मग व्यवहार सोपा होतो. पहिली गोष्ट, वेळ मुलाची धरावी. छायाचित्रकाराची सायंकाळ मोकळी आहे म्हणून मुलाची झोप मोडू नये. झोपून उठलेले, पोट भरलेले मूल हा अर्धा विजय. दुसरी गोष्ट, वय पाहून अपेक्षा धरावी. दीड-दोन महिन्यांचे मूल माणसाचा चेहरा पाहून हसू लागते. त्या वयात आईचा चेहरा कॅमेऱ्याच्या शेजारी असला की पुरे. साधारण सहा-सात महिन्यांचे मूल बसू लागते, आणि त्याच सुमारास त्याला परक्या माणसाची भीतीही वाटू लागते. ही भीती म्हणजे दोष नव्हे. आपले कोण आणि परके कोण हे त्याला कळू लागले, याची ती खूण. अशा मुलाला स्टुडिओत नेल्याबरोबर पाटावर बसवू नये. पाव तास त्याला जमिनीवर सोडावे, छायाचित्रकाराने त्याच्याकडे लक्षच देऊ नये. मूल आपण होऊन यंत्र पाहावयास येते. दोन वर्षांचे मूल बसणारच नाही. त्याला पळू द्यावे आणि पळतानाच टिपावे. चार वर्षांच्या मुलाला मात्र कॅमेरॉनबाईप्रमाणे सगळे समजावून सांगावे. एकदा बटण त्यालाही दाबू द्यावे.

आपल्याकडचे उदाहरण घ्यावयाचे तर बोरन्हाणाचे घ्या. संक्रांतीच्या दिवसांत काळे झबले, त्यावर हलव्याचे दागिने, मुकुट, बाजूबंद, हातात बासरी, असा बाळकृष्ण सजवून स्टुडिओत नेण्याची हौस महाराष्ट्रात पुष्कळ आहे. रूप खरोखरच देखणे दिसते. पण हलव्याला काटा असतो. तो कोवळ्या मानेला बोचतो, आणि घामाने तो चिकटही होतो. घरून सजवून नेलेला कृष्ण स्टुडिओत पोहोचेपर्यंत मुकुट ओढू लागतो आणि बाजूबंद तोंडात घालतो. तो गोड लागतो हे त्यास कळलेले असते! तेव्हा साध्या कपड्यांत न्यावे, आधी चार चित्रे तशीच घ्यावीत, दागिने शेवटच्या पाच मिनिटांत मऊ कपड्यावरून चढवावेत, आणि बाळकृष्णाने बाजूबंदाचा घास घेतलाच तर तेच चित्र घ्यावे. कृष्णाच्या हातून असली आगळीक व्हावी यात नवल ते काय? मात्र दोरा तुटून हलव्याचा दाणा घशात अडकणार नाही इकडे एका माणसाचे लक्ष हवे.

नवजात बालकाविषयी थोडे सावधपणे बोलले पाहिजे. जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत मूल बहुतेक वेळ झोपलेले व अंग मुडपून घेतलेले असते, म्हणून त्या दिवसांत टोपलीत, शालीत, फुलांत ठेवून त्याची चित्रे घेण्याची रीत अलीकडे रूढ झाली आहे. त्यांतील एका चित्रात बाळ दोन्ही हातांवर हनुवटी टेकून बसलेले दिसते. श्रोत्यांनी हे पक्के ध्यानात ठेवावे की, जाणते छायाचित्रकार ते चित्र एका वेळी घेत नाहीत. एका चित्रात कोणीतरी बाळाचे डोके धरलेले असते, दुसऱ्यात मनगटे धरलेली असतात, आणि मागाहून दोन्ही चित्रे जोडून ते हात पुसून टाकतात. ज्या जिवाला मान धरता येत नाही त्याला खरोखर तसे बसविण्याचा प्रयत्न घरी कोणी करू नये; आणि छायाचित्रकार करू लागला तर त्याला तेथेच थांबवावे. खोली उबदार हवी, हात धुतलेले हवेत, आणि आईने "आता पुरे" म्हटले की ते शेवटचे समजले जावे. चित्र आठ दिवसांनी घेता येईल. लहानग्या मानेशी खेळ नको.

घेतलेली चित्रे पाहतानाही थोडी दक्षता उपकारक ठरते. झगझगीत दिव्याच्या चित्रात बाहुलीतून डोळ्याच्या आतील रक्ताचा रंग परावर्तित होऊन डोळे लाल दिसतात, हे आपल्या परिचयाचे आहे. परंतु एक डोळा लाल आणि दुसऱ्याची बाहुली पांढरी असे दिसले, तर छायाचित्रकाराकडून तो डाग पुसून घेऊन स्वस्थ बसू नये. पुष्कळदा तो केवळ प्रकाशाच्या कोनाचा खेळ असतो. परंतु कधी कधी ते मोतीबिंदूचे, किंवा लहान मुलांच्या डोळ्यातील कर्करोगाचे पहिले चिन्ह असते. मुलाला विनाविलंब नेत्रवैद्याला दाखवावे. हा रोग लवकर ध्यानी आला तर मुलाचे प्राण, आणि पुष्कळदा दृष्टीही, वाचविता येते.

चित्र कोणाचे, हाही प्रश्न विचारून ठेवावा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, निराळा करार नसेल तर, ते काढवून घेणाऱ्याकडे असतो. तेव्हा छायाचित्रकाराने सहीसाठी पुढे केलेला कागद वाचल्यावाचून सही करू नये, आणि आपल्या मुलाचे चित्र दुकानाच्या काचेत किंवा जाहिरातीत लावावयाचे की नाही हे आपण ठरवावे. त्याहून अवघड प्रश्न आपला स्वतःचा आहे. न्हाणीतील, रडण्यातील, रुसण्यातील चित्रे आपण कौतुकाने हजार अनोळखी माणसांपुढे पसरवितो. ज्याचे चित्र आहे त्याला कोण विचारतो? फ्रान्सने १९ फेब्रुवारी २०२४ रोजी एक कायदा करून, मुलाच्या चित्रावरील त्याच्या हक्काचे रक्षण करणे हे आईबापांचे कर्तव्य ठरविले, आणि मुलाचे वय व समज पाहून त्यालाही विचारात घ्यावे असे सांगितले. कायदा येवो अगर न येवो, घरातील आल्बम आणि चव्हाट्यावरील भिंत यांतील अंतर आपण ओळखावे हे उत्तम.

शेवटी एकच गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. दर वेळी निदान एका चित्रात मुलाबरोबर त्याची आई असू द्या, वडील असू द्या, आजीचा सुरकुतलेला हात असू द्या. हल्ली आईवर कापड कोणी टाकीत नाही. परंतु ती कॅमेऱ्याच्या मागे उभी राहून खुळखुळा वाजविते आणि मुलाच्या शंभर चित्रांतून ती शंभर वेळा वगळली जाते. "माझे काय, याचे घ्या, माझी साडी बघा कशी चुरगळली आहे," असे ती म्हणेल. ते ऐकू नये. मूल मोठे झाले म्हणजे आपण कसे दिसत होतो हे त्याला पाहावेसे वाटेल, परंतु त्याहून अधिक, आपल्याला कोणी कसे धरले होते हे पाहावेसे वाटेल. मग त्या चित्राची कागदावर प्रत काढावी. यंत्रे बदलतात, फोन हरवतात, कागद पेटीत राहतो. आणि प्रतीच्या पाठीमागे साध्या पेन्सिलीने गाव, तारीख, मुलाचे नाव, आणि ज्याच्या मांडीवर ते बसले आहे त्याचेही नाव लिहून ठेवावे. त्या जुन्या हजार चित्रांतील आयांची नावे आज कोणी सांगू शकत नाही. आपल्या घरातील आईवर ती पाळी येऊ नये.